परत न आलेल्या बॉम्बरमधल्या माणसाचा माग: नोंदी कशा शोधाव्यात, स्मृतिफलक कसा करावा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जणांनी प्रत्यक्ष विमानातून कामगिरी केली. त्यांतले ५५,५७३ कामी आले. वीस हजारांहून अधिक हवाईसैनिकांना कबरच नाही, म्हणून त्यांची नावे लंडनच्या पश्चिमेला रनीमीड इथल्या स्मारकाच्या भिंतींवर कोरलेली आहेत. अशा एका माणसाबद्दल हाती बहुधा एवढेच येते: नाव, हुद्दा, एक तारीख आणि घरच्यांनी सांगितलेले ‘जर्मनीवर विमान पडलं’ हे वाक्य. तेवढ्यावरून त्याची शेवटची रात्र बऱ्यापैकी अचूक उभी करता येते. मात्र शोधाचा क्रम चुकला तर महिनोन्‌महिने भलत्याच माणसाच्या मागे जातात.

पहिला नियम असा की माणूस शोधू नका, विमान शोधा. बॉम्बरमधला माणूस एकटा उडत नसे आणि सहसा एकटा मरतही नसे. त्याच्याबद्दलचे बरेचसे कागद दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या फायलीत असतात: त्याच विमानातल्या ऑस्ट्रेलियन नॅव्हिगेटरच्या, कॅनेडियन गनरच्या, किंवा पॅराशूटने उतरून जिवंत परतलेल्या सोबत्याच्या. त्यामुळे विमानाचा क्रमांक, सगळा क्रू आणि तारीख या तीन गोष्टी हातात येईपर्यंत फलक, भाषण, लेख यांतले काहीच ठरवू नये.

उदाहरण म्हणून इथे एक सर्वज्ञात प्रकरण अधूनमधून घेऊ. अँड्र्यू मिनार्स्की हा विनिपेगचा, कॅनडाच्या हवाईदलाच्या ४१९ स्क्वाड्रनमधला मिड-अपर गनर, म्हणजे विमानाच्या पाठीवरच्या बंदुका सांभाळणारा. त्याचे लँकेस्टर बॉम्बर केबी ७२६, ओळखाक्षरे व्हीआर-ए. १२/१३ जून १९४४ च्या रात्री फ्रान्समधल्या कांब्रे इथल्या रेल्वे यार्डावर जाताना जर्मन रात्र-लढाऊ विमानाने ते पाडले. शेपटीकडचा रिअर गनर पॅट ब्रॉफी टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या बंदूकघरात, अडकला होता. त्याला सोडवायच्या धडपडीत मिनार्स्कीचे कपडे आणि पॅराशूट पेटले, आणि भाजल्यामुळे तो गेला. ब्रॉफी मात्र विमानासकट कोसळूनही वाचला. त्याने युद्धानंतर सांगितले म्हणून हे जगाला कळले आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झाले.

घरात काय आहे ते आधी

संग्रहालयांच्या दारात जाण्याआधी घरातली पेटी उघडा. तार, हवाई मंत्रालयाची पत्रे, पदके, फोटो, लॉगबुक, कबरीचा फोटो लावलेले कार्ड, जे असेल ते जसेच्या तसे, त्याच क्रमाने ठेवून स्कॅन करा. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ स्वरूपात. मागची बाजूही करा, कारण फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेली तीन टोपणनावे कधीकधी पूर्ण क्रू हातात देतात. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, गंजलेल्या टाचण्या मात्र हलक्या हाताने काढा.

लॉगबुक, म्हणजे प्रत्येकाची उड्डाणांची वैयक्तिक वही, असेल तर अर्धे काम झाले. ब्रिटिश पद्धतीत रात्रीच्या मोहिमा लाल शाईने आणि दिवसाच्या हिरव्या शाईने लिहीत. शेवटची नोंद बहुधा दुसऱ्याच हस्ताक्षरात असते: ‘परतले नाही’. तिच्या आधीच्या पानांवरून वैमानिकाचे नाव आणि विमानांची अक्षरे मिळतात. लॉगबुक नसेल तर ‘कुठेतरी सरकारी कपाटात असेल’ या आशेवर फार विसंबू नका. वारसांनी न नेलेली पुस्तके बरीच वर्षे सांभाळून १९६० च्या सुमारास नष्ट करण्यात आली, फक्त नमुन्यादाखल काही राखली.

पदकांवरून माणूस ओळखायचा प्रयत्न ब्रिटिश बाबतीत फसतो, कारण दुसऱ्या महायुद्धाचे ब्रिटिश स्टार नाव न कोरता दिलेले आहेत. त्यांवरून काळ मात्र कळतो. एअरक्रू युरोप स्टार ५ जून १९४४ पर्यंतच्या सेवेसाठी, त्यानंतरच्यांना फ्रान्स अँड जर्मनी स्टार. बॉम्बर कमांडची स्वतंत्र पट्टी २०१३ मध्ये आली. जवळच्या वारसाला ती ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाकडे अर्ज करून मागता येते.

कबर किंवा भिंतीवरचे नाव

मग राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा ऑनलाइन शोध. इथे लोक सगळ्या चौकटी भरतात आणि शून्य निकाल येतो. आडनाव, सेवा ‘हवाईदल’ आणि वर्ष, एवढेच भरा. पहिले नाव टाकू नका, कारण नोंद अनेकदा फक्त आद्याक्षरांची असते. सर्व्हिस नंबर असेल तर फक्त तोच टाकून पाहा. पण हेही ध्यानात ठेवा की सार्जंटचा अधिकारी झाला की ब्रिटिश आणि कॅनेडियन हवाईदलात नंबरच बदलत असे. तारेवरचा नंबर आणि कबरीच्या नोंदीतला नंबर जुळला नाही म्हणजे माणूस वेगळा, असे लगेच धरू नका. कॅनेडियनांत ‘आर’ने सुरू होणारा नंबर अधिकारी नसलेल्याचा, ‘जे’ने सुरू होणारा अधिकाऱ्याचा.

हुद्द्याचे तसेच. बढतीची कागदपत्रे माणूस गेल्यावर पोहोचत आणि बढती मागच्या तारखेपासून लागू होई. त्यामुळे स्क्वाड्रनच्या वहीत ‘फ्लाइट सार्जंट’ आणि दगडावर ‘पायलट ऑफिसर’ असे दिसते. दोन्ही बरोबर. फलकावर दगडावरचा हुद्दा लिहावा. आणि ‘पायलट ऑफिसर’ हा हुद्दा आहे, काम नव्हे. मिनार्स्की पायलट ऑफिसर होता, पण विमान चालवत होता आर्थर डी ब्रेन. मराठी मजकुरात अशा गनरला हमखास ‘वैमानिक’ केले जाते.

नोंद सापडली की तिथेच थांबू नका. आता त्याच दफनभूमीत, त्याच तारखेला, त्याच स्क्वाड्रनचे कोण आहेत ते काढा. तोच क्रू. किती जण हवेत हे विमानावरून कळते: लँकेस्टर, हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंगमध्ये साधारण सात, व्हिटलीत पाच, वेलिंग्टनमध्ये पाच किंवा सहा, हॅम्पडेनमध्ये चार, ब्लेनहाइममध्ये तीन, मॉस्किटोत दोन. लँकेस्टरचे पाचच मिळाले तर उरलेले दोघे एकतर रनीमीडच्या भिंतीवर, किंवा दुसऱ्या गावच्या दफनभूमीत, किंवा कैदेत, किंवा निसटून घरी. आठ मिळाले तर आठवा बहुधा नवा वैमानिक, अनुभवासाठी दुसऱ्याच्या क्रूबरोबर पाठवलेला.

कबरींचा क्रमांकही वाचायला शिका. ‘सामूहिक कबर, ओळ क, ५ ते ९’ असे असेल तर पाच जागांत मिळून सगळा क्रू आहे आणि देह वेगळे ओळखता आले नाहीत. दगड वेगवेगळे उभे असले तरी या दगडाखाली हाच, असे म्हणता येत नाही. नातेवाइकांना हे आधी, शांतपणे सांगावे. तिथे पोहोचल्यावर माहितीफलकावर वाचायला लागू नये.

कबर जिथे आहे तिथेच विमान पडले का? देशावर अवलंबून. युद्धानंतर ब्रिटिश हवाईदलाची शोधपथके युरोपभर हिंडली. तेव्हा सुमारे ४२,००० जण बेपत्ता होते. जर्मनीत गावोगावच्या कबरी उकरून देह राइशवाल्ड, राइनबर्ग, बर्लिन, हॅनोव्हर, डुर्नबाख अशा मोठ्या दफनभूमींत आणले गेले. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, डेन्मार्कमध्ये मात्र पुष्कळ क्रू गावातल्या चर्चच्या किंवा नगरपालिकेच्या दफनभूमीतच राहिले. म्हणजे राइशवाल्डमधली कबर पडण्याच्या जागेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, डच खेड्यातली कबर बरेच सांगते. बरेच, सगळे नाही: केबी ७२६ पडले पा-द-कॅले विभागातल्या गोदिआंप्रेजवळ, तर मिनार्स्कीची कबर आहे सोम विभागातल्या मेहारिकूरला. कमिशनच्या नोंदीखाली जुन्या नोंदणीपत्रकांच्या प्रती जोडलेल्या असतात. त्यांतल्या ‘स्थलांतर’ पत्रकावर देह मूळ कुठून आणला ते गावाच्या नावासह किंवा नकाशावरच्या आकड्यांसह दिलेले सापडते. हे पत्रक पाहायचे बहुतेक जण विसरतात.

विमान आणि रात्र

आता लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरची मृतांची सूची उघडा. तीत सुमारे ५८,००० नोंदी आहेत आणि शोध विनामूल्य आहे. विमानाचा प्रकार, क्रमांक, ओळखाक्षरे, कुठल्या तळावरून उडाले, कशासाठी, कसे पडले असे समजते, आणि सोबतच्या क्रूची नावे एकाखाली एक मिळतात.

इथे घोटाळा होतो तो क्रमांक आणि अक्षरे यांत. केबी ७२६ हा विमानाचा कायमचा क्रमांक, कारखान्यापासून अखेरपर्यंत एकच. व्हीआर-ए म्हणजे ४१९ स्क्वाड्रनचे ‘ए’. हे विमान गेले की नव्याला तेच ‘ए’ रंगवीत. म्हणून ‘आजोबांच्या एस-फॉर-शुगरचा’, म्हणजे ‘एस’ अक्षराच्या विमानाचा, फोटो मिळाला की आधी शेपटीकडचा क्रमांक वाचा. अक्षरांवरून फोटो जुळवला आणि तो मागच्या किंवा पुढच्या विमानाचा निघाला, हे नेहमीचे आहे. कॅनडातल्या हॅमिल्टनचे उडते लँकेस्टर व्हीआर-ए म्हणून रंगवलेले आहे. ते मिनार्स्कीच्या स्मरणार्थ रंगवलेले दुसरेच विमान आहे.

तारखेचाही निकाल लावा. रात्रीची मोहीम दोन तारखांत असते: संध्याकाळी उड्डाण, मध्यरात्रीनंतर मृत्यू. स्क्वाड्रनची वही उड्डाणाची तारीख लावते, कबरीची नोंद कधी ही, कधी ती. मिनार्स्कीच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात १२ जूनची रात्र आहे, मृत्यू धरला जातो १३ जून. फलकावर ‘१२/१३ जून १९४४ च्या रात्री’ असे लिहिले की वाद मिटतो. घड्याळाचीही गंमत आहे. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ ग्रीनिचच्या दोन तास पुढे असे, हिवाळ्यात एक तास. कुणी वर्षश्राद्धासाठी तिथी काढणार असेल तर पंचांग उघडण्याआधी वेळ कुठल्या घड्याळाची ते पाहावे.

स्क्वाड्रनची वही

ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागार लंडनमध्ये क्यू इथे आहे. तिथली ‘एअर २७’ ही मालिका म्हणजे स्क्वाड्रनच्या मोहिमांच्या नोंदवह्या. त्या स्कॅन झालेल्या आहेत, घरबसल्या उतरवून घेता येतात. महिन्याला दोन भाग असतात. फॉर्म ५४० हा दिवसवार सारांश: हवामान, कोण आले-गेले, किती विमाने पाठवली. फॉर्म ५४१ हा प्रत्येक विमानाचा तपशील: क्रूची नावे, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ, काय केले. यादीत हे दोन्ही वेगवेगळ्या क्रमांकांखाली येतात. लोक पहिला उतरवतात आणि ‘क्रू दिलाच नाही’ म्हणून नाराज होतात. दोन्ही घ्या.

त्या एका रात्रीचे पान काढून बंद करू नका. मागचे तीन-चार महिने वाचा, म्हणजे क्रू स्क्वाड्रनमध्ये कधी आला, कितव्या मोहिमेवर गेला, नेहमीचाच क्रू होता की कुणी आजारी पडल्यामुळे आपला माणूस बदली गेला होता, हे कळते. विश्रांती मिळेपर्यंतच्या एका फेरीत साधारण ३० मोहिमा असत. मिनार्स्कीचा क्रू तेराव्या मोहिमेवर होता. ही संख्या वहीतून स्वतः मोजा आणि प्रशिक्षणकाळातली उड्डाणे तिच्यात धरू नका.

संक्षेप आणि टोपणशब्द सवयीने कळतात. ‘गार्डनिंग’ म्हणजे समुद्रात सुरुंग पेरणे. भागांची नावे भाज्या-फुलांवरून ठेवलेली. ‘निकेल’ म्हणजे पत्रके टाकणे. ‘बुल्सआय’ हा सराव. ‘डीसीओ’ म्हणजे काम पार पाडले, ‘डीएनसीओ’ म्हणजे नाही. पडलेल्या विमानापुढे एकच ओळ असते: उड्डाणानंतर काहीही ऐकू आले नाही. याचा अर्थ टेकऑफनंतर लगेच पडले असा नव्हे. मोहिमेवर रेडिओ मौन असे, म्हणून तसे लिहिले आहे.

वही टंकलेखकाने घाईत केलेली आहे. आडनावांत चुका असतात. कधी आदल्या मोहिमेचाच क्रू तसाच उतरवलेला असतो, विमानक्रमांकात एक अंक इकडचा तिकडे असतो. क्रमांक पटला नाही तर विमानाच्या हालचालीचे कार्ड, म्हणजे फॉर्म ७८, पाहावे. ही कार्डे लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहेत. सरावात किंवा अपघातात गेलेल्यासाठी फॉर्म ११८० हे अपघात-कार्ड. त्यात कारण मोजक्या शब्दांत असते आणि ते बरेचदा ‘वैमानिकाची चूक’ असते. त्या काळच्या चौकशीचा तो शेरा आहे, अंतिम न्याय नव्हे. कुटुंबाला देताना तसे सांगून द्या.

मृत्यूची फाइल: कुठल्या देशाची उघडायची

इथे ‘विमान शोधा’ हा नियम कामी येतो. ब्रिटिश हवाईदलाच्या मृत्यूविषयक फायली ‘एअर ८१’ मालिकेत आहेत. त्या १९३९ पासून पुढे तारखेच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने खुल्या होत आल्या आहेत. उशिराच्या तारखा त्यामुळे उशिरा येतात. आपला माणूस ब्रिटिश आणि फाइल बंद, पण क्रूत एखादा ऑस्ट्रेलियन असेल तर काम झालेच समजा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली ए ७०५ ही मालिका म्हणजे हवाईदलाच्या मृत्यूंच्या फायली. बऱ्याच स्कॅन झालेल्या आहेत आणि पाहायला पैसे लागत नाहीत. तीत शोधपथकाचा अहवाल, गावकऱ्यांचे जबाब, वाचलेल्या सोबत्याचे निवेदन आणि सगळ्या क्रूची ओळख कशी पटली ते असते. क्रूत कॅनेडियन असेल तर कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या दुसऱ्या महायुद्धातील मृतांच्या सेवाफायली खुल्या आहेत. न्यूझीलंडचा असेल तर ऑकलंड म्युझियमची ‘ऑनलाइन सेनोटाफ’ सूची.

क्रूतले कुणी निसटून आले असेल तर त्यांचे जबाब क्यूमध्ये ‘डब्ल्यूओ २०८’ मालिकेत शोधावेत. केबी ७२६ चे सहा जण वाचले. चौघे शत्रूच्या हाती न लागता परतले, दोघे कैद झाले. अशा प्रकरणात शेवटच्या दहा मिनिटांचे वर्णन मेलेल्याच्या फायलीत कमी आणि जगलेल्यांच्या जबाबात जास्त मिळते. जबाब आपसांत जुळत नाहीत, तेही स्वाभाविक आहे. पुढच्या भागातल्याला मागे काय झाले ते दिसलेले नसते. कोण कुठे बसला होता ते आकृती काढून समोर ठेवा आणि मग वाचा.

वैयक्तिक सेवापुस्तिका वेगळी. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाकडच्या जुन्या सेवानोंदी २०२२ पासून क्यूला हलवल्या जात आहेत, म्हणून अर्ज कुठे करायचा ते अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची स्थिती पाहूनच ठरवा. मृत्यूची नोंद सोबत जोडली तर काम लवकर होते. पुस्तिकेत बदल्यांची नुसती संक्षिप्त नावे असतात: आयटीडब्ल्यू हे प्राथमिक शिक्षण, ओटीयू इथे क्रू जमायचा, एचसीयू इथे चार इंजिनांच्या विमानाची सवय करायची. ओटीयूची तारीख महत्त्वाची, कारण बहुतेक क्रू तिथेच आपापसांत ठरले.

माणूस अमेरिकी हवाईदलाचा असेल तर रस्ता निराळा आहे. १९४३ पासून हरवलेल्या प्रत्येक विमानासाठी ‘मिसिंग एअर क्रू रिपोर्ट’ भरला जाई आणि तो अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे मृताची वैयक्तिक फाइल, जिला आयडीपीएफ म्हणतात. तीत देहाचा शोध, दातांचे तक्ते, दफन, कुटुंबाशी पत्रव्यवहार सगळे असते. ती वाचणे सोपे नाही, नातेवाइकाला देण्याआधी स्वतः वाचा. सेवापुस्तिकेच्या मागे फार लागू नका. १९७३ मध्ये सेंट लुईसला लागलेल्या आगीत लष्कराच्या त्या काळच्या बहुतांश पुस्तिका जळाल्या, आणि हवाईदल तेव्हा लष्कराचाच भाग होते.

भारत-ब्रह्मदेश आघाडी

मराठी वाचकाच्या हाताशी असलेला धागा हा. बंगालमधल्या दिगरी, सालबनी, धुबुलिया अशा तळांवरून ब्रिटिश हवाईदलाची लिबरेटर विमाने ब्रह्मदेश आणि सयामवर जात. भारतीय हवाईदलाच्या ७ आणि ८ क्रमांकांच्या स्क्वाड्रन व्हेंजन्स या दोन माणसांच्या डाइव्ह-बॉम्बरवर लढल्या. या आघाडीवर बेपत्ता झालेल्या हवाईसैनिकांसाठी रनीमीड पाहू नका. त्यांची नावे सिंगापूरच्या क्रांजी दफनभूमीतल्या स्मारकावर आहेत. रंगूनजवळच्या तौकचानचे स्मारक भूदलाचे. तिथे हवाईसैनिकाचे नाव नाही म्हणून ‘नोंदच नाही’ असा समज होतो.

पुण्यात खडकीची युद्ध दफनभूमी आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरींची. तिथे हवाईसैनिकाची कबर दिसली म्हणजे तो पुण्यात गेला असे नव्हे. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी ज्या कबरींची कायम निगा राखणे शक्य नव्हते, त्या इथे एकत्र आणल्या आहेत. मूळ जागा पुन्हा स्थलांतर-पत्रकातूनच कळते. भारतीय हवाईदलाच्या अधिकाऱ्यांसाठी भारत-रक्षक संकेतस्थळावरची सूची चांगली सुरुवात आहे. नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहून शोधा. इंग्रज कारकुनाने मराठी आडनावाचे काय केले असेल याचा नेम नाही.

विमान पडलेली जागा

जागा ठरवताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: शोधपथकाचा अहवाल, स्थानिक नोंद (पोलीस, चर्च, नगरपालिका) आणि जमिनीवरचा पुरावा. दोनच जुळत असतील तर फलकावर ‘या परिसरात’ लिहा, ‘या जागी’ नव्हे. हॉलंड, बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये ठिकठिकाणी या विषयाची स्थानिक अभ्यासक मंडळे आहेत. त्यांना विमानक्रमांक आणि तारीख लिहून साधे पत्र पाठवले तर उत्तर येते. ‘माझ्या आजोबांविषयी माहिती द्या’ एवढेच लिहिले तर येत नाही.

मेटल डिटेक्टर घेऊन जाऊ नका. ब्रिटनमध्ये १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्यानुसार कोसळलेले प्रत्येक लष्करी विमान आपोआप संरक्षित आहे. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय उकरणे गुन्हा आहे. इतर देशांचे नियम वेगळे, पण कुठेच मोकळीक नाही. न फुटलेले बॉम्ब आणि गोळ्या आजही निघतात. हाड दिसले तर हात न लावता, फोटो इंटरनेटवर न टाकता, स्थानिक पोलिसांना कळवा. पुढे ब्रिटिश मंत्रालयाचा विभाग वारस शोधतो आणि डीएनए तपासतो. हॉलंडमध्ये बेपत्ता क्रू आत असण्याची शक्यता असलेली विमाने काढण्याचा सरकारी कार्यक्रमच आहे. २०२० मध्ये मार्करमेर सरोवरातून स्टर्लिंग बीके ७१६ अशाच मोहिमेत वर काढले. ते १९४३ पासून पाण्याखाली होते.

एक पान तयार करा

फलकाआधी सगळे एका पानावर आणा: पूर्ण नाव, सर्व्हिस नंबर (दोन असतील तर दोन्ही), हुद्दा, विमानातले काम, स्क्वाड्रन, तळ, विमानक्रमांक आणि अक्षरे, लक्ष्य, उड्डाणाची वेळ, कसे पडले, कुठे, संपूर्ण क्रू आणि प्रत्येकाचे काय झाले, कबर किंवा भिंतीचा क्रमांक. प्रत्येक ओळीसमोर ती कुठून मिळाली ते लिहा. दोन कागद भांडत असतील तर दोन्ही ठेवा, एक गाळू नका. ‘अमक्या जर्मन वैमानिकाने पाडले’ हे वाक्य सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जपून. एका रात्री एकाच भागात डझनभर विमाने पडली की कुणाचा दावा कुठल्या विमानाला लागू होतो हे बहुतेक वेळा फक्त शक्यतेच्या भाषेतच सांगता येते.

फलक

एकट्याचे नाव कोरू नका. सगळ्या क्रूची नावे हवीत, वाचलेल्यांचीही, वेगळ्या ओळीत. क्रम हुद्द्याने लावण्यापेक्षा विमानातल्या कामाने लावलेला बरा, कारण विमानात फ्लाइट सार्जंट वैमानिकाचा हुकूम अधिकारी गनरलाही मानावा लागे.

जागा खासगी असेल तर मालकाची लेखी परवानगी, सार्वजनिक असेल तर नगरपालिकेची. निगा कोण राखणार तेही त्याच कागदावर लिहून घ्या. उघड्यावर ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील, ३ मिमी जाड, साधारण ३०० बाय ४०० मिमी पुरते. समुद्राजवळ ३०४ प्रत डागाळते. नावांची अक्षरे १२ ते १५ मिमी, बाकी मजकूर ८ मिमीच्या खाली नको. खोल कोरून रंग भरा. नुसते छापलेले उन्हाने उडते. स्क्रू त्याच धातूचे हवेत: पितळी पाटीला लोखंडी स्क्रू मारले की ओल लागून लोखंड गंजते आणि तांबूस ओघळ थेट नावांवरून जातात. पाटी भिंतीला चिकटवून न बसवता मागे ५ ते १० मिमी फट ठेवा, पाणी साचत नाही. क्यूआर कोड हवा तर लावा, पण त्याच्या भरवशावर मजकूर कमी करू नका. संकेतस्थळ पाटीच्या आधी मरते.

कोरायला देण्याआधी मजकूर तिघांनी स्वतंत्रपणे तपासावा. त्यांतल्या एकाने शेवटून उलटा, एकेक अक्षर वाचावा. नावे रोमन लिपीत कबरीच्या नोंदीप्रमाणे ठेवा, देवनागरी हवी तर खाली जोडा.

मजकुराचा सूर जागेवर अवलंबून आहे. फलक जर्मन गावात लागणार असेल तर ‘शत्रू’, ‘शौर्याने बॉम्बफेक’ असले शब्द नकोत. त्या बॉम्बखाली त्याच गावातली माणसे मेली आहेत. विमान घरावर कोसळून कुणी गेले असेल तर त्यांची नावे क्रूच्या नावांसोबत द्यावीत, गावाला विचारून. याने क्रूचा मान कमी होत नाही, आणि गाव पाटीची काळजी घेते.

कबरीपाशी

कमिशनच्या दगडाला काहीही चिकटवू नका, ब्लीच किंवा तारेचा ब्रश लावू नका, अक्षरांत वाळू किंवा खडू घासू नका. पोर्टलँड दगड मऊ असतो. शेवाळ चढले असेल तर कमिशनला कबरीचा क्रमांक कळवा, निगा त्यांचीच आहे. फूल, छोटे पुष्पचक्र, प्लास्टिकमध्ये ठेवलेला फोटो चालतो. दगडावरचे लेखन फोटोत उठून दिसायला तिरपा प्रकाश लागतो. भर दुपारी सपाट दिसते, तेव्हा एका बाजूला पांढरा कागद धरून प्रकाश वळवा. दफनभूमीतल्या छोट्या पितळी दाराच्या कपाटात नोंदपुस्तक असते, त्यात विमानक्रमांकासह लिहा. त्याच क्रूच्या दुसऱ्या कुटुंबातले कुणी नंतर येते, तेव्हा त्यांना तुमचा माग मिळतो.

जिवंत नातेवाइकांचे पत्ते, फोन कुठेही छापू नका. पत्र पाठवायचे तर स्थानिक अभ्यासक मंडळामार्फत, आणि पहिल्याच पत्रात मृत्यूचा तपशील नको: आपण कोण, कुठल्या विमानाचा शोध घेतो आहोत, आणि हवे असेल तर माहिती देऊ, इतकेच. शेवटी वर सांगितलेले एक पान आणि स्कॅनची प्रत लिंकनच्या सेंटरच्या डिजिटल संग्रहाकडे पाठवावी. तिथे घरगुती कागदांच्या प्रती स्वीकारतात आणि मूळ कागद घरीच राहतात. मृतांच्या सूचीतली चूक सापडली असेल तर पुराव्याच्या प्रतीसह तीही कळवा, ते दुरुस्त करतात.